निष्काळजीपणा कोणाचा?
कारखान्यांतील अपघातांच्या इतिहासातून

इतिहास म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे गडकोट, लढाया आणि तहनामे उभे राहतात. कारखान्यातील अपघातांची नोंदवही हेही इतिहासाचे साधन आहे, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. वास्तविक गेल्या दीडशे वर्षांत आपल्या समाजातील लाखो माणसे शेत सोडून गिरणीत, जीनमध्ये, फौंड्रीत गेली. त्यांतल्या कित्येकांनी तेथे बोटे, हात, डोळे आणि प्रसंगी प्राणही गमावले. हे कशामुळे घडले, या प्रश्नाला निरनिराळ्या काळांनी निरनिराळी उत्तरे दिली. कोणी म्हणाले, नशीब. कोणी म्हणाले, कामगाराचा निष्काळजीपणा. कोणी म्हणाले, यंत्राला जाळी नव्हती. कोणी तर असेही म्हणाले की, काही माणसांचा पिंडच अपघाती असतो! यांतले कोणते उत्तर मान्य होते, त्यावर भरपाई कोणी द्यायची आणि द्यायची की नाही हे ठरत आले. म्हणून या प्रश्नाचा इतिहास पाहणे अगत्याचे आहे.

आपल्या सीमाभागाला तर हा विषय मुळीच परका नाही. गोकाकच्या धबधब्याच्या पाण्यावर चालणारी सूतगिरणी एकोणिसाव्या शतकातच उभी राहिली. शहापूर-वडगावचे माग, उद्यमबागेतल्या फौंड्र्या आणि यंत्रशाळा आपण रोज पाहतो. खानापूर, बेळगाव, चंदगड या भागांतून मुंबईच्या गिरण्यांत गेलेला एखादा आजोबा किंवा चुलता पुष्कळ घरांत सापडेल. त्याच्या तुटलेल्या बोटाची हकिकतही घरातल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक असेल.

पट्टा, धोटा आणि शाफ्ट

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईत पहिल्या कापडगिरणीचा उपक्रम हाती घेतला आणि १८५६ साली ती सुरू झाली. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत गिरणगाव वसले. त्या काळच्या गिरणीत आजच्यासारखी प्रत्येक यंत्राला स्वतंत्र मोटार नव्हती. एकच वाफेचे इंजिन, छताखालून फिरणारे लांबलचक शाफ्ट आणि त्यांवरून प्रत्येक यंत्राकडे उतरणारे चामड्याचे पट्टे, अशी रचना असे. पट्टा निसटला की तो फिरत्या चाकावर पुन्हा चढवायचा. सूत तुटले की चालू यंत्राशी वाकून ते जोडायचे. चालत्या यंत्राखालचा कापूस झाडायचा, आणि हे शेवटचे काम पुष्कळदा लहान मुलांकडे असे. धोतराचा सोगा, लुगड्याचा पदर किंवा मोकळा केस एकदा पट्ट्यात सापडला की तो सोडवायला अवधी मिळत नसे. मागावरचा धोटा उसळून बाहेर आला तर समोरच्या माणसाचा डोळा जाई.

गावाकडून आलेल्या माणसाला हे सारे नवे होते. बैल हाक मारली की थांबतो. शाफ्ट थांबत नाही. शेतातल्या कामाला ऋतू असतो, दुपारची विसावण्याची वेळ असते. गिरणीत विजेचे दिवे येण्यापूर्वी काम सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चाले, म्हणजे उन्हाळ्यात तेरा-चौदा तास. आठवड्याची ठरलेली सुटी नव्हती. माणूस नवखा, दिवस लांब आणि यंत्र उघडे, असा हा मेळ होता. यांतले पहिले कारण माणसाचे, उरलेली दोन कामाची. गंमत अशी की, अपघात झाला म्हणजे बोट दाखवले जाई ते नेमके पहिल्याकडे.

भारतातला पहिला फॅक्टरी कायदा १८८१ साली झाला. त्यामागे दयाबुद्धी होती तशी मँचेस्टर-लँकेशायरच्या गिरणीवाल्यांची व्यापारी असूयाही होती. मुंबईचा माल स्वस्त पडतो, तेव्हा तिथल्या कामाच्या तासांवर बंधन आणा, असा त्यांचा आग्रह होता. हेतू काहीही असो, कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास मनाई केली, सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तासांची मर्यादा घातली, धोक्याच्या यंत्रांना कुंपण घालण्याची आणि अपघात कळवण्याची सक्ती केली. पण तो लागू होता शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या, यंत्रशक्तीवर चालणाऱ्या आणि वर्षातून चार महिन्यांहून अधिक काळ चालणाऱ्या कारखान्यांना. खानदेशातली कापसाची जीने हंगामी. ती बहुतेक सुटली. त्या जिनांमध्ये ऐन हंगामात बायका दिवसरात्र राबतात, अशा साक्षी मुंबई सरकारने नेमलेल्या १८८५ च्या फॅक्टरी कमिशनपुढे झाल्या. झोपेने डोळे मिटत असलेल्या बाईची बोटे रुळाशी गेली, तर त्यात तिचा निष्काळजीपणा किती म्हणायचा?

१८८४ ची मागणी

या प्रश्नाचे उत्तर मुंबईच्या कामगारांनी स्वतःच दिले, आणि तेही फार लवकर. जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते आणि ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा एक अर्ज तयार झाला. त्यातल्या मागण्या पाच. आठवड्याला एक दिवस सुटी असावी. दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावे. मागच्या महिन्याचा पगार पंधरा तारखेच्या आत मिळावा. आणि पाचवी मागणी अशी की, कामावर असताना कामगार जखमी झाला तर तो बरा होईपर्यंत त्याला पूर्ण पगार मिळावा, आणि कायमचा अपंग झाला तर त्याच्या उदरनिर्वाहाची सोय व्हावी.

या पाच मागण्या वेगवेगळ्या दिसतात, पण त्या एकाच दोरीत ओवलेल्या आहेत. सुटी, विश्रांती आणि कामाचे तास यांचा अपघाताशी काय संबंध आहे, हे विलायतेतल्या शास्त्रज्ञांनी मोजून दाखवायला आणखी तीस वर्षे जायची होती. मुंबईचा गिरणी कामगार ते अंगावर सोसत होता. शिवाय पाचव्या मागणीत ‘कामगाराची चूक नसेल तर’ अशी अट नाही, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. काम करताना इजा झाली, एवढे पुरेसे. योगायोग असा की, त्याच वर्षी, जुलै १८८४ मध्ये, जर्मनीत बिस्मार्कने कामगारांच्या अपघात विम्याचा कायदा संमत करून घेतला. त्याचेही तत्त्व हेच, की चूक कोणाची हा वाद न घालता भरपाई द्यायची. बिस्मार्कच्या हाती साम्राज्य होते. लोखंड्यांच्या हाती एक वर्तमानपत्र आणि सह्यांचा कागद. पहिली मागणी मान्य होऊन १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. १८९१ च्या कायद्याने आठवड्याची सुटी सर्वत्र आणली. पाचव्या मागणीला मात्र फार थांबावे लागले.

तीन सबबी

थांबावे का लागले, हे समजण्यासाठी इंग्लंडच्या न्यायालयात डोकवावे लागेल. १८३७ साली तेथे एका खाटकाच्या नोकराने मालकावर दावा लावला. जादा भरलेली गाडी मोडून त्याची मांडी मोडली होती. दावा फेटाळला गेला, आणि पुढे मालकांच्या हाती तीन ढाली होत्या. पहिली: चूक सोबतच्या कामगाराची असेल तर मालक जबाबदार नाही. दुसरी: धोका ठाऊक असून नोकरी पत्करली, म्हणजे कामगाराने धोकाही पत्करला. तिसरी: जखमी माणसाची स्वतःची थोडीशीही चूक असेल तर त्याला काही मिळणार नाही. या तीन ढालींना भेदून दावा जिंकणे गरिबाला जवळजवळ अशक्य होते. मोठ्या कारखान्यात मालक स्वतः यंत्रापाशी उभा नसतोच. तेव्हा चूक नेहमी कोणत्या तरी कामगाराचीच निघणार! इंग्लंडने १८९७ च्या कायद्याने ही कोंडी फोडली, आणि भरपाईला चुकीपासून मोकळे केले.

अमेरिकेत हे काम एका तरुण स्त्रीच्या चौकशीने पुढे नेले. क्रिस्टल ईस्टमन या कायद्याच्या पदवीधर बाईंनी पोलादाचे गाव पिट्सबर्ग ज्या परगण्यात येते तेथील जुलै १९०६ ते जून १९०७ या एका वर्षातील कामावरच्या मृत्यूंची एकेक करून चौकशी केली. मृत्यू होते ५२६. त्यांतले १९५ पोलादाच्या कारखान्यांत, १२५ रेल्वेवर, ७१ खाणींत आणि बाकीचे इतर कामांवर. १९१० साली त्यांचा ग्रंथ निघाला. त्यांच्या चौकशीची पद्धत इतिहासाच्या विद्यार्थ्याने अभ्यासावी अशी आहे. कंपनीचा कागद वाचून त्या थांबल्या नाहीत. मृताच्या घरी गेल्या, सोबत्यांना भेटल्या, आणि ‘बेपर्वाई’ या एका शब्दामागे काय काय दडते ते त्यांनी पाहिले. बारा तासांची पाळी, कानठळ्या बसवणारा गोंगाट, घाई करण्याचा हुकूम, धोक्याच्या सवयीने बोथट झालेले मन. ही बेपर्वाई कामानेच शिकवलेली होती. आणि एका मृत्यूपाठी किती घरे उघडी पडली, ही यादीही त्यांनी दिली.

तास, उष्मा आणि उजेड

पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये दारूगोळ्याच्या कारखान्यांत लाखो स्त्रिया कामाला लागल्या. युद्ध जिंकायचे तर तोफगोळे हवेत, म्हणून सुरुवातीला दिवसाला बारा तास काम घेतले जाई. कामगारांच्या प्रकृतीची पाहणी करण्यासाठी सरकारने १९१५ साली एक समिती नेमली. तिच्यासाठी काम करणाऱ्या होरेस व्हर्नन या शरीरशास्त्रज्ञाने अपघातांची मोजदाद केली. एका कारखान्यात बारा तासांचा दिवस दहा तासांवर आणल्यावर असे दिसले की, पूर्वी स्त्रियांना होणारे अपघात नंतरच्या मानाने अडीच पट होते. बाया त्याच होत्या आणि यंत्रेही तीच होती. बदलले होते ते कामाचे तास. जर निष्काळजीपणा हा त्या बायकांच्या स्वभावात असता, तर घड्याळाचे काटे हलवून तो कसा कमी झाला असता?

व्हर्ननने उष्णतेचाही हिशेब मांडला. सुमारे वीस अंश सेल्सिअसच्या आसपास अपघात सर्वांत कमी. त्याहून थंडी वाढली तरी अपघात वाढतात, उष्मा वाढला तरी वाढतात. थंडीत बोटे आखडतात, उष्म्याने अवधान सुटते. आता आपल्याकडचे विणकाम खाते आठवा. सूत तुटू नये म्हणून तेथे मुद्दाम दमट हवा ठेवतात, खिडक्या बंद असतात, आणि बाहेर वैशाख! कृत्रिम उजेडात अपघात अधिक होतात, असेही त्या काळच्या पाहण्यांत आढळले. मुंबईच्या गिरण्यांत विसाव्या शतकाच्या आरंभी विजेचे दिवे आले तेव्हा दिवस उलट लांबला, आणि १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांतील पुरुषांना बारा तासांची मर्यादा घालण्याची वेळ आली. पुढे १९२२, १९३४ आणि १९४६ अशा पायऱ्यांनी आठवडा साठ, चोपन्न आणि अठ्ठेचाळीस तासांवर आला. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते, ही गोष्ट या संदर्भात विसरता कामा नये.

‘अपघाती माणूस’

येथपर्यंतची वाट सरळ दिसते. पण १९१९ साली याच इंग्लंडमध्ये एक नवे वळण आले. मेजर ग्रीनवुड (मेजर हा हुद्दा नव्हे, त्यांचे नावच ते!) आणि हिल्डा वुड्स या दोघांनी दारूगोळ्याच्या कारखान्यांतील स्त्रियांच्या अपघातांची वाटणी तपासली. थोड्या स्त्रियांच्या वाट्याला पुष्कळ अपघात आले होते, आणि पुष्कळ स्त्रियांना एकही नाही. याचा अर्थ काय?

येथे थोडा हिशेब करून पाहू. वर्गात चाळीस मुले आहेत असे समजा. डोळे मिटून चाळीस लाडू एकेक करून त्यांच्या दिशेने टाकले, आणि ज्याच्या झोळीत पडेल त्याचा तो लाडू. प्रत्येकाला एक मिळेल काय? मुळीच नाही. संभाव्यतेच्या गणिताने सुमारे पंधरा मुले कोरडी राहतील, सुमारे पंधरांना एकेक मिळेल, आणि उरलेल्या दहा-अकरा मुलांकडे पंचवीस लाडू जमा होतील. या दहा-अकरा जणांत काही विशेष गुण नव्हता; तो निव्वळ योगायोग. म्हणून ‘चतुर्थांश कामगारांना निम्म्याहून अधिक अपघात होतात’ असे कोणी सांगितले, तर एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

ग्रीनवुड आणि वुड्स हे जाणून होते. त्यांनी योगायोगाची वाटणी आणि प्रत्यक्षातली वाटणी शेजारी ठेवली, तेव्हा प्रत्यक्षातली विषमता अधिक निघाली. तेव्हा काही जणींना अपघाताचा संभव मुळातच अधिक असावा, असे त्यांनी अनुमान केले. पुढे १९२६ साली एथेल न्यूबोल्ड या विदुषीने सुमारे नऊ हजार कामगारांचे आकडे तपासले. विषमता त्यांनाही आढळली, पण तीत माणसाच्या प्रकृतीचा भाग किती आणि कामाच्या परिस्थितीचा किती हे या आकड्यांतून वेगळे काढता येत नाही, असा इशारा त्यांनी दिला. त्याच वर्षी फार्मर आणि चेंबर्स या मानसशास्त्रज्ञांनी ‘अपघातप्रवणता’ या अर्थाचा शब्द रूढ केला. जर्मनीत कार्ल मार्बे हेही असेच प्रतिपादन करीत होते.

शब्द सोयीचा होता. शास्त्रज्ञांचे ‘जर-तर’ मागे पडले आणि कारखानदारांच्या जगात एवढेच उरले की, काही माणसे अपघाती असतात, त्यांना चाचणी घेऊन वगळा म्हणजे झाले. यंत्राला जाळी बसवण्यापेक्षा माणूस बदलणे स्वस्त! पुढील दशकांतल्या अभ्यासांनी या कल्पनेचे बरेचसे वजन कमी केले. एका वर्षी ज्यांची नावे यादीच्या वर असतात, त्यांतली पुष्कळ पुढच्या वर्षी तेथे नसतात. सर्व परिस्थितींत आणि सर्व वयांत टिकून राहणारा असा ‘अपघाती पिंड’ पकडून दाखवणे जमले नाही. माणसामाणसांत फरक असतो हे खरे. पण तो अपघातांच्या फार मोठ्या भागाचा उलगडा करीत नाही.

अठ्ठ्याऐंशी टक्क्यांची कथा

दुसरा एक आकडा याहून अधिक गाजला. अमेरिकेतील एका विमा कंपनीचे अधिकारी एच. डब्ल्यू. हाइनरिख यांनी १९३१ साली औद्योगिक अपघात-निवारणावर ग्रंथ लिहिला. पंचाहत्तर हजार प्रकरणे पाहून त्यांनी सांगितले की, ८८ टक्के अपघात माणसांच्या असुरक्षित वर्तनाने होतात, १० टक्के यंत्राच्या आणि परिस्थितीच्या दोषाने, आणि २ टक्के अटळ असतात. हा आकडा पुढे जगभर, आपल्याकडच्या सुरक्षा-व्याख्यानांतूनही, फिरत राहिला.

इतिहासाचा शिक्षक म्हणून मी मुलांना नेहमी सांगतो की, कागद हाती आला म्हणजे तीन प्रश्न विचारा. तो कोणी लिहिला? केव्हा लिहिला? कोणासाठी लिहिला? हाइनरिख यांची प्रकरणे आली होती विमा कंपनीच्या दाव्यांच्या फायलींतून आणि कारखानदारांच्या अहवालांतून. अहवाल भरणारा असे सुपरवायझर. ‘जाळी नव्हती’ असे लिहिले तर दोष त्याच्याकडे किंवा त्याच्या मालकाकडे येणार. ‘कामगाराने काळजी घेतली नाही’ असे लिहिले की प्रकरण मिटले. अशा कागदांची बेरीज ८८ आली, यात नवल ते काय? शिवाय प्रत्येक अपघाताला एकच कारण जोडण्याची ही रीतच सदोष आहे. हाइनरिख यांनी यंत्रांना संरक्षक साधने बसवण्याचाही पुरस्कार केला होता, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण ग्रंथातला आकडा तेवढा लोकांच्या लक्षात राहिला.

हा प्रश्न पुस्तकातला नाही, हे मला शाळेतच कळले. आमच्या शाळेत फौंड्रीत आणि यंत्रमागावर काम करणाऱ्यांची मुले पुष्कळ. काही वर्षांपूर्वी एक पालक उजव्या हाताला फडके बांधून माझ्याकडे आले. प्रेसमध्ये दोन बोटे गेली होती. “सर, एवढं वाचून सांगा, ह्यावर सही करू का?” म्हणून त्यांनी एक कागद पुढे केला. कागद इंग्रजीत होता, त्याखाली कानडीत मजकूर. त्यांना दोन्ही लिप्या येत नव्हत्या. त्यात म्हटले होते की, अपघात माझ्या निष्काळजीपणामुळे झाला असून माझी काही तक्रार नाही. मी ते मराठीत वाचून दाखवले. गृहस्थ बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “बटणं दोन होती सर. एक बांधून ठेवलं होतं, आम्ही यायच्या आधीपासनं.”

ते बटण समजून घेण्यासारखे आहे. प्रेसवर दोन बटणे दूर दूर बसवलेली असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबल्याखेरीज प्रेस खाली येत नाही. म्हणजे हात डायमध्ये असूच शकत नाही. कामगार दमलेला असो, चिंतेत असो वा नवखा असो, बोट वाचते. पण नगावर मजुरी असली, की एक बटण बांधून ठेवल्याने नग भराभर निघतात. ते बांधणाऱ्या हाताला घाई कोणी लावली, हे अहवालाच्या छापील रकान्यात कोठेच विचारलेले नसते.

माणसाची बाजू

तर मग माणसाकडे काहीच दोष नाही काय? तसे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. दारू पिऊन यंत्रावर उभे राहणे, पैजेखातर चालत्या पट्ट्याला हात लावणे, चष्मा-हातमोजे दिलेले असताना न वापरणे, या गोष्टी घडतात आणि त्या घातक आहेत. नवखा कामगार पहिल्या काही महिन्यांत अधिक जखमी होतो, हे वारंवार दिसून आले आहे. अपुरी झोप, क्षीण दृष्टी, घरचे आजारपण, डोक्यावरचे कर्ज, यांनी अवधान ढळते, हे कोणाला सांगायला नको.

पण यांतले प्रत्येक कारण हाती घेऊन थोडे ओढून पाहावे, म्हणजे त्याचे दुसरे टोक कामाला बांधलेले आढळते. नवखेपणाचा उपाय म्हणजे शिकवणे. बदली कामगाराला आज या खात्यात आणि उद्या त्या खात्यात उभे केले, तर तो सदाच नवखा राहणार. मुंबईच्या गिरण्यांत भरती जॉबरच्या हाती होती आणि त्याला खूश ठेवणे भाग असे. या पद्धतीवर १९३१ साली मजुरांच्या शाही कमिशनने कडक टीका केली. अशा स्थितीत जाळी बसवा म्हणून तक्रार कोण करणार? झोपेचे दुसरे टोक रात्रपाळीत आहे, कर्जाचे दुसरे टोक मजुरीत.

आणि भाषेचे काय? १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात असे कलम होते की, सूचनाफलक इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत असावेत. कलम चांगलेच होते. पण आपल्यासारख्या दुभाषी प्रदेशात बहुसंख्यांबरोबर अल्पसंख्यही त्याच भट्टीपाशी उभे असतात. एका गावात ते मराठी असतील, दुसऱ्या गावात कानडी. अलीकडे ओडिया आणि हिंदी बोलणारेही पुष्कळ आले आहेत. ओल्या साच्यात वितळलेले लोखंड ओतू नये, पाण्याची वाफ होऊन रस उडतो, ही सूचना ज्याला वाचता येत नाही त्याला आपण निष्काळजी म्हणणार काय? भाषेचा प्रश्न आपल्याकडे अभिमानाचा म्हणून मांडला जातो. तो कधी कधी डोळ्याबोटांचाही असतो.

भोपाळ

या साऱ्या वादाचे सर्वांत भीषण रूप देशाने २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये पाहिले. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातील टाकीत पाणी शिरले, विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे मृत्युमुखी पडली. १९८८ साली कंपनीच्या बाजूने असे मांडण्यात आले की, एका नाराज कामगाराने मुद्दाम पाणी सोडले. कामगारांनी हे नाकारले. पण क्षणभर वाद बाजूला ठेवून त्या रात्रीची स्थिती पाहू. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा काही महिन्यांपासून बंद होती. वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याची नळी काढलेली होती. खर्च कमी करण्यासाठी त्या विभागातली माणसे कमी केली होती. कामाच्या सूचनापुस्तिका इंग्रजीत होत्या. पाणी कसेही शिरलेले असो, त्या पाण्यापासून शहर वाचवणाऱ्या भिंती आधीच पाडलेल्या होत्या.

जून २०१० मध्ये भोपाळच्या न्यायालयाने कंपनीच्या भारतीय अधिकाऱ्यांना दोषी ठरवून दोन वर्षांची शिक्षा सांगितली. कलम होते निष्काळजीपणाने मृत्यू ओढवल्याचे. जो शब्द शंभर वर्षे कामगाराच्या नावापुढे लिहिला गेला, तो त्या निकालात अधिकाऱ्यांच्या नावापुढे आला. शिक्षा गुन्ह्याच्या मानाने किती अल्प, हा प्रश्न निराळा.

भोपाळनंतर १९८७ साली फॅक्टरी कायद्यात दुरुस्ती झाली. कारखान्यातील धोक्याची माहिती मिळवण्याचा आणि धोका डोळ्यांपुढे दिसत असेल तर तो वरिष्ठांच्या नजरेस आणण्याचा हक्क कामगाराला मिळाला. जेम्स रीझन या इंग्रज मानसशास्त्रज्ञाने १९९० साली मानवी चुकांवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे त्याने दिलेला दृष्टान्त प्रसिद्ध आहे: संरक्षणाचा प्रत्येक थर हा भोके असलेल्या चकतीसारखा असतो, आणि सगळ्या चकत्यांची भोके एका रेषेत आली की अपघात आरपार जातो. शेवटच्या चकतीपाशी उभा असतो तो कामगार. त्याची चूक सर्वांना दिसते, कारण ती सर्वांत शेवटी घडते. मागच्या चकत्यांना भोके कोणी पाडली, हे पाहण्यासाठी मागे जावे लागते.

पाचव्या मागणीचे काय झाले?

लोखंडे १८९७ साली निवर्तले. त्यांची पाचवी मागणी भारतात १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने मान्य झाली आणि तो कायदा १ जुलै १९२४ पासून अमलात आला. म्हणजे चाळीस वर्षे गेली. या कायद्याने सामान्य निष्काळजीपणा ही सबब मालकाला ठेवली नाही. नशेत असणे, सुरक्षेचा स्पष्ट नियम जाणूनबुजून मोडणे किंवा संरक्षक साधन मुद्दाम काढणे, एवढीच कारणे भरपाई नाकारायला उरली. आणि मृत्यू ओढवला असेल तर तीही चालणार नाहीत, अशी सुधारणा पुढे झाली. १९४८ च्या कायद्याने चालत्या यंत्राला तेल घालण्याचे काम फक्त खास शिकवलेल्या प्रौढ पुरुषाकडे सोपवले, आणि त्याचे घट्ट बसणारे कपडे मालकाने पुरवावेत असे सांगितले. धोतराचा सोगा पट्ट्यात अडकला तर तो कोणाचा दोष, याचे उत्तर या एका कलमात आले आहे. संसदेने २०२० साली संमत केलेल्या संहितांमध्ये हे जुने कायदे आता सामावले गेले आहेत. कायद्यांची नावे बदलली, तरी अपघाताचा अहवाल कोणी तरी लिहीतच राहणार.

म्हणून आपल्या घरांतून एवढे झाले तरी पुष्कळ होईल. घरचे माणूस कामावर जखमी झाले, तर वाचता न आलेल्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नये. घरात मराठी शाळेत शिकलेला आणि कानडी लिहिता येणारा मुलगा किंवा मुलगी असतेच. त्यांच्याकडून त्याच दिवशी आपली हकिकत लिहून घ्यावी. यंत्र कोणते, पाळी कितवी, किती तास झाले होते, जाळी होती की नव्हती, बटण बांधलेले होते काय, शेजारी कोण होते. अशी वही साध्या शंभर पानीही चालेल. १८८४ साली लोखंड्यांनी गिरणी कामगारांकडून सह्या घेतल्या, त्या त्यांचे म्हणणे त्यांच्याच तोंडचे कागदावर यावे म्हणून. तो कागद लिहिण्याचे काम अजून संपलेले नाही.